एका हाताने घालायची बाही

ऑपरेशन झाल्यापासून बाईंचा डावा हात सुजायचा. डॉक्टरांनी मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट बसणारी बाही दिवसभर घालायला सांगितली होती. पण ती चढवायला दुसरं माणूस लागतं, आणि बाईंच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. मग वाचनालय उघडायला जाताना त्या रोज शिंपी मास्तरांच्या दुकानात थांबत. इस्पितळाचे पट्टे आणि बाह्या मास्तरच शिवत.

"ओढा, मास्तर. उशीला अभ्रा चढवताय असं समजा."

"उशी एवढी बडबड करत नाही."

काम पाच मिनिटांचं. मास्तर एकेक सुरकुती काढत ते पाव तास पुरवायचे. बायको गेल्यापासून त्यांच्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

एका सोमवारी बाई म्हणाल्या, "काल तुमचं दुकान बंद. हात नुसता भोपळा झाला. माझी मला घालता येईल अशी शिवा की! नाहीतर एवढं कसब काय कामाचं?"

मास्तरांना ते लागलं. त्यांनी एक नवी बाही उभी कापून उघडी केली आणि तिला आडव्या चिकटपट्ट्या लावल्या. मनगटाशी दाब जास्त, वर जाताना कमी. शिवण टोचू नये म्हणून बाहेरून घेतली. डावा हात लोंबता सोडून ती एकट्या उजव्या हाताने स्वतःवर चढवून पाहिली. पट्टी हातातून निसटायची, म्हणून प्रत्येक पट्टीला बोट अडकेल एवढा फास शिवला. तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, बाही झकास बसली.

मास्तरांनी ती घडी करून खणात ठेवली.

"झाली का हो?" बाईंनी गुरुवारी विचारलं.

"थोडं राहिलंय."

शुक्रवारीही थोडं राहिलं होतं. शनिवारीही.

सोमवारी बाई आल्या. हात कोपरापर्यंत तट्ट फुगलेला, बोटं वळत नव्हती. "काल पुस्तक धरता आलं नाही," एवढंच म्हणाल्या.

मास्तरांनी खण उघडला.

बाईंनी एकेक फास ओढत बाही घातली. हात वरखाली करून पाहिला. "टोचत नाही. कधी झाली?"

खोटं बोलणं सोपं होतं. "बुधवारी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर टेप गुंडाळत राहिले. गुंडाळलेली पुन्हा सोडून गुंडाळली.

"हं," बाई म्हणाल्या. जुनी बाही त्यांनी पिशवीत टाकली. "आता तुमची रोजची कटकट गेली."

"गेली."

"माप परत कधी?"

"सहा महिन्यांनी. तोवर लास्टिक सैल पडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी सवयीने बाईंसाठी स्टूल पुढे ओढलं. थोडा वेळ ते तसंच राहू दिलं. मग त्याच्यावर कापडाचा तागा ठेवला.