बरणीची जागा

"किल्ली तुमच्याकडेच ठेवा," एबरलाइनबाई म्हणाल्या, "आणि मी मागितली तरी देऊ नका."

थिलोने अल्कोहोलची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या प्रयोगशाळेत तो डॉक्टर, पण वयाने बाईंच्या मुलासारखा. बाई अडतीस वर्षं माणसांच्या यकृताचे काप काढत होत्या, केसाहून पातळ. शुक्रवारी निवृत्त व्हायच्या होत्या.

घोळ मंगळवारी झाला. काप रंगवायचा नाही, धुवायचा नाही, लेझरच्या सूक्ष्मदर्शकाखाली आहे तसाच ठेवायचा, असं थिलोने तीनदा बजावलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि सवयीने काप बरणीत बुडवला. त्यातली चरबी विरघळून गेली. आता रुग्णाचा एकच गोठवलेला तुकडा उरला होता, तांदळाच्या कणीएवढा. शेवटचं काम नासवून घरी जायचं, हे बाईंच्या जिवाला लागलं होतं.

आज त्या तुकड्यावरून यंत्राचं पातं फिरलं. काप काचपट्टीवर अलगद बसला. लगेच बाईंचा हात डावीकडे गेला आणि रिकाम्या टेबलावर थांबला.

"बरणी कुठं गेली?"

"कपाटात. आणि मी देणार नाही."

"उद्धट कुठले," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

थिलोने काचपट्टी लेझरखाली सरकवली आणि पडद्यावर चित्र उमटलं. इतकी वर्षं यकृतातली चरबी म्हणजे बाईंना पांढरी गोल भोकं माहीत होती. ती धुऊन गेल्यावर उरलेली जागा. आज भोकं भरलेली होती. संगणकाने काही थेंब लाल दाखवले होते, काही हिरवे.

"लाल ती घट्ट, डुकराच्या चरबीसारखी," थिलो म्हणाला. "हिरवी पातळ, तेलासारखी."

"म्हणजे हे गृहस्थ पावाला चरबी चोपडून खातात?"

"तसं सरळ नसतं हो ते."

"बरं झालं. आमच्या घरीही रोज तेच असतं." बाई बराच वेळ बघत राहिल्या. "एवढं सगळं मी धुऊन टाकत होते."

"तुम्ही धुतलंत म्हणून बाकीचं दिसलं, एबरलाइनबाई."

बाईंना फार बरं वाटलं. त्यांनी हातमोजा काढला.

"हे अहोजाहो आता पुरे. एकेरी हाक मारायला मोठ्या माणसानंच सांगायचं असतं आपल्याकडे, म्हणून सांगते. मी हाइडरून."

"मी थिलो." त्याने नव्याने ओळख व्हावी तसा हात मिळवला. मग कपाट उघडलं. "ही घे, हाइडरून. तुझी बरणी."

टेबलावर बरणीच्या बुडाचा जुना गोल डाग होता. बाईंनी न बघता बरणी बरोबर त्यावर ठेवली.