नहराच्या वळणावरचा बोर्ड

केशोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नहराचं, म्हणजे कालव्याचं, एक आडवं वळण आहे आणि वळणाच्या अलीकडे ठेकेदाराने लावलेला बोर्ड. 'पुढे धोक्याचे वळण आहे, कृपया वाहने सावकाश चालवा' असं त्यावर लिहिलेलं. चालत्या गाडीतून ते वाचलेला माणूस मात्र अजून सापडायचा होता. अक्षरं बारीक, तिरपी, शेपट्या फुटलेली. लग्नपत्रिकेवर शोभली असती. मागच्या सोमवारी धानाच्या रोवणीहून परतणाऱ्या बायकांचा टेम्पो तिथेच नहरात कलंडला. ड्रायव्हर गुड्डू त्या रस्त्याला नवा. बोर्डावर काय लिहिलंय ते त्याला कळेपर्यंत वळण आलंच होतं. सगळ्या बायकांचा जीव वाचला हे नशीब. बकाराम पेंटरच्या बायकोचा, नंदाबाईचा, डावा हात मोडला.

बकारामने चाळीस वर्षं दुकानांच्या, शाळांच्या, राइस मिलच्या पाट्या रंगवल्या होत्या. फ्लेक्स आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं, तेही त्याने गिळलं होतं. पण आता त्याचं डोकं फिरलं. रस्त्यावरची पाटी तपासायची त्याची एक रीत होती. पाटी उभी केली की नंदाबाईला लुनावर मागे बसवायचं आणि गाडी पळवायची. नंदाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षराला अक्षर जोडून वाचायला शिकलेली. तिचं वाचून व्हायच्या आत पाटी मागे पडली, तर ती पुन्हा रंगवायची. शिकल्यासवरल्यांना काय, काहीही वाचता येतं, असं तो म्हणे.

प्लास्टरच्या हातासकट त्याने तिला त्या बोर्डासमोरून तीनदा नेलं.

"काय लिवलं आहे वं?"

"पयला 'पु' दिसला जी. मंग नहरच आला," नंदाबाई म्हणाली.

तो तडक गोंदियाला ठेकेदाराकडे गेला. लोकेंद्र त्याचं नाव. मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "काका, कम्प्युटरचा डिझाइन आहे, ऊपर से पास होऊन आला. आता तुम्ही आमाले शिकवान काय?"

"हो," बकाराम म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याने शिडी लावली आणि अख्खा बोर्ड पांढरा करून टाकला. भीती वाटत नव्हती असं नाही. पण बायकोच्या प्लास्टरकडे नजर गेली की राग भीतीच्या वर चढायचा. दुपारी रंग वाळल्यावर काळ्या ऑइल पेंटने वीतभर उंचीची, सरळ, जाड अक्षरं काढली. उकार मोकळे ठेवले, शब्दांमध्ये भरपूर जागा सोडली आणि वाक्य छाटलं: 'पुढे नहर. हळू चला.' नंदाबाई उजव्या हाताने शिडी धरून उभी होती.

कुणीतरी फोन केला असणार. लोकेंद्रची बोलेरो येऊन थांबली.

"सरकारी बोर्ड खराब करून राहिले! काऊन? केस करीन, समजलं?"

तेवढ्यात छत्तीसगडच्या नंबरचा एक ट्रक भरधाव आला. लांबूनच त्याने ब्रेक दाबला आणि वळण अगदी आरामात घेतलं. तिघांनी ते पाहिलं. तरी लोकेंद्र म्हणाला, "ते काही नाही. केस तर होईलच."

नंदाबाईचा चेहरा उतरला. बकारामने मात्र शिडी उचलली आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला लावली. समोरच्या अक्षरांत त्याला गर्दी करायची नव्हती. मागच्या कोऱ्या पत्र्यावर त्याने तेवढ्याच जाड अक्षरांत लिहिलं: 'हा बोर्ड मी रंगवला. बकाराम पेंटर, केशोरी.' खाली मोबाइल नंबर.

"एवढं मोठं कायले?" लोकेंद्रने विचारलं.

"पोलिसांले गाडीतूनच वाचता आलं पायजे," बकाराम म्हणाला. "उतराचा तरास कायले त्यायले?"