नानाय लुदिंगच्या तोंडून

"नाव अर्धं घ्यायचं नाही, लुदिविना. नुसतं 'मारिया' म्हटलंस, तर देवमातेच्या पदराखाली मारिया काय एकच आहे? पूर्ण नाव घे, आईच्या माहेरचं नाव घे, जन्माचा दिवस घे. मग मागणं माग. पत्ता चुकला की पत्र भलत्याच दारी जातं, बाळ."

आईनं हे सांगितलं तेव्हा लुदिविना परकरी पोर होती. आई गावात प्रार्थना सांगायची. कुणाकडे मयत झालं की नऊ दिवस, कुणी अंथरुणाला खिळलं की दर बुधवारी तिला बोलावणं यायचं. आईमागून ते काम लेकीकडे आलं आणि हळूहळू तिची नानाय लुदिंग झाली. पोटचं मूल एकही नसताना लामोन खाडीच्या त्या काठावर सगळे तिला नानाय, म्हणजे आईच, म्हणू लागले.

लोक तिच्याकडे मागणी घेऊन यायचे. ती त्यांना जवळ बसवून आधी आईचा शिरस्ता पाळायची: पूर्ण नाव, आईकडचं नाव, जन्मतारीख. मग म्हणायची, "आता कानात सांग. मला नि मातेला, तिसऱ्याला नाही." आणि खरंच, तिसऱ्याला कधी कळलं नाही. दारुड्या नवऱ्याच्या, पळालेल्या पोरीच्या, छातीतल्या गाठीच्या किती गोष्टी त्या कानात शिरल्या आणि तिथंच विरघळल्या.

साथीच्या दिवसांत चॅपलला कुलूप लागलं, तेव्हा मनिलाच्या भाचीनं तिला फोनवर तिच्या नावाचं पान उघडून दिलं. वर फोटो तिचाच, डोक्यावर पांढरा जाळीचा रुमाल घेतलेला. रोज संध्याकाळी सहाला ती फोन देव्हाऱ्यासमोर उभा करून जपमाळ म्हणायची. दुबईत घरकाम करणाऱ्या बायका, जहाजांवरचे खलाशी, सगळे तिच्या सुरात सूर मिसळायचे. तिला टंकता येत नसे. मागण्यांना ती बोलूनच उत्तर द्यायची, "पूर्ण नाव सांग, बाळ. जन्माचा दिवस सांग." साथ सरली, कुलूप निघालं, तरी सहाचा तो नेम सुटला नाही. तापानं फणफणली असतानाही तिनं तो पाळला होता.

आणि एके दिवशी सकाळी पान उघडेना.

फोनच बिघडला असेल, असं म्हणून ती मेणबत्त्या आणायला बेबांगच्या दुकानावर गेली. बाकावर चारपाच जणी बसल्या होत्या. तिला पाहताच बोलणं असं थांबलं, जसं कुणी रेडिओचं बटण पिळावं.

"अगबाई, आज प्रत्यक्ष?" बेबांग जाळीआडून म्हणाली. "फोनवर तर फार लाडात असता, नानाय. इथं आल्यावर तोंड का सुकलं?"

"फोन बंद आहे गं माझा. पान उघडत नाही."

"उघडत नाही कसं? काल सहाला आम्ही सगळ्यांनी तुमच्याबरोबर जपमाळ म्हटली की."

"काल मी म्हटली, पण—"

बेबांगनं आपला फोन जाळीतून पुढे केला. तोच फोटो, तोच पांढरा रुमाल, तेच नाव. खाली ठळक लिहिलं होतं: माझ्या नावानं कुणीतरी खोटं पान काढलं आहे, सर्वांनी त्याविरुद्ध तक्रार करा. आणि ज्या पानाकडे बोट दाखवलं होतं, ते नानाय लुदिंगचं खरं पान होतं.

"तुम्हीच सांगितलंत म्हणून आम्ही सगळ्यांनी तक्रार केली," बाकावरची म्हातारी तिनाय म्हणाली. "माझ्या नातसुनेनं तर दोनदा केली."

"तिनाय, अगं, ते पान माझं होतं!"

"मग हे कुणाचं?"

बेबांगनं पडद्यावर बोट दाबलं. दुकानात, साबणाच्या आणि सुक्या मासळीच्या वासात, नानाय लुदिंगचा आवाज घुमला. तीच धाप, 'बाळ' म्हणताना तोच ओढलेला स्वर. "पूर्ण नाव सांग, बाळ. आईकडचं नाव सांग. जन्माचा दिवस सांग. आणि मनात काय आहे ते मोकळं कर. मला नि मातेला, तिसऱ्याला नाही."

हे शब्द नानाय लुदिंगनं आयुष्यभर म्हटले होते, पण बेबांगला, तिच्या फोनवर, कधीच म्हटले नव्हते. इतकी वर्षं रोज सहाला ती बोलत आली. कुणीतरी बसून ऐकलं होतं, आणि ऐकता ऐकता तिचा गळाच उचलून नेला होता.

"ते मी नाही," ती म्हणाली.

बेबांगनं मेणबत्त्या जाळीतून सरकवल्या. मग जरा नरमून म्हणाली, "माझ्या नावावर भलत्याच लोकांनी कर्ज उचललं, नानाय. वसुलीवाले माझ्या आईचं माहेरचं नाव घेऊन मला दरडावतात. ते नाव मी तुमच्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. पण माझं सोडा. माझं पैशावर निभावलं. तुम्ही रोसेलकडे गेलात का?"

"रोसेलला काय झालं?"

बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बेबांग मान फिरवून बरण्या पुसू लागली.

रोसेल तिची धर्मकन्या. तासिंग नावाच्या तिच्या जिवलग मैत्रिणीची लेक. बाप्तिस्म्याच्या वेळी नानाय लुदिंगनं तिला हातांवर धरलं होतं, तेव्हापासून ती तिची निनांग, धर्ममाता. तासिंग गेली, रोसेलचं लग्न जहाजावरच्या दांतेशी झालं, आणि ती सासू मेन्सियाबाईबरोबर पलीकडच्या बेटावर राहू लागली. पण आता रोसेल सापडली तासिंगच्या जुन्या घरी, खारफुटीच्या कडेला. बांबूच्या चटईवर मासळी उलथत होती. अंगणात पोराचा, बुचोयचा, आवाज नव्हता.

नानाय लुदिंगनं आशीर्वादाचा हात पुढे केला. रोसेलनं तो रीतीप्रमाणे कपाळाला लावला नाही.

"बुचोय कुठंय, बाळ?"

"'बाळ' म्हणू नका मला, निनांग." तिनं मासळीवरची नजर उचलली नाही. "सासूबाईंकडे आहे. मला उंबऱ्यात उभं करत नाहीत. तो आतून रडत होता, मी बाहेरून ऐकत होते."

"काय झालं, सांग तरी."

"तुम्हाला सांगू? परत?"

मग तिनं सांगितलंच, थंडपणे, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी. बुचोय तापानं आजारी होता. तिला वाटलं, आपलंच पाप पोराला लागलं. म्हणून फोनवर निनांगला लिहून तिनं मन मोकळं केलं. निनांगचा आवाज इतका मायेचा होता. काही दिवसांनी तोच आवाज पैसे मागू लागला. तिच्याकडे नव्हते. मग तिचं सगळं लिहिणं, तिच्या नावासकट, जहाजावर दांतेला गेलं, आणि दांतेकडून त्याच्या आईला.

"पोरी, मातेची शपथ घेऊन सांगते, ती मी नव्हते."

"शपथ तर तीही घेत होती," रोसेल म्हणाली.

आपला चेहरा, आपला आवाज, आपली शपथ. आपण आपणच आहोत हे पटवायला आता उरलंच काय? नानाय लुदिंग चटईच्या कडेला बसली आणि मासळी उलथू लागली.

तिच्या हातांकडे बघून रोसेल म्हणाली, "तुम्हीच आहात. कळतं मला. तुमच्या हातांना मेणाचा वास येतो. फोनला कुठला?" आणि तिला रडू फुटलं. "पण कळून काय करू, निनांग? माझा पोरगा येणार आहे का?"

"मी काय करू ते सांग."

"सासूबाईंकडे जा. सांगा, ते लिहिणं रोसेलचं नाही. जसं खोटं पान काढलं, खोटा आवाज काढला, तसं तिचंही सगळं रचून काढलं. बुचोय दांतेचाच आहे म्हणून सांगा."

नानाय लुदिंगनं तिच्याकडे पाहिलं. बुचोयच्या बाप्तिस्म्याला तिनं एकदा बोटांवर महिने मोजायला घेतले होते आणि मध्येच मूठ मिटून घेतली होती. दांते त्या वर्षी केव्हा घरी होता, हे तिला ठाऊक होतं.

"मी खोटं बोलत नाही, रोसेल. आयुष्यात बोलले नाही."

"तुमच्या आवाजात इतकं खोटं बोलून झालंय, निनांग. त्यात आणखी एक."

नानाय लुदिंगनं मनात मातेला हाक मारली. मन रितंच होतं, कुणी ओ दिली नाही. तिला एवढंच कळलं की मेन्सियाबाईही ऐकायच्या नाहीत. जो आवाज कुणीही वापरू शकतो, त्याच्या सांगण्यावर कोण नातू परत देईल? म्हणजे जन्मभराचा नेम मोडायचा, आणि हाती काही लागायचं नाही.

"जाशील ना?" रोसेलनं विचारलं. ती पहिल्यांदाच अगंतुगं करत होती, लहानपणी करायची तशी.

"जाईन. आजच जाते."

"वचन दे."

"दिलं."

ती घरी आली. देव्हाऱ्यापुढे क्षणभर उभी राहिली, पण मेणबत्ती लावली नाही. खोटं बोलायला निघालेल्यानं देवाला कशाला साक्षीला धरावं? दार ओढून घेतलं आणि धक्क्याकडे निघाली.

पलीकडच्या बेटाची शेवटची होडी सुटायच्या बेतात होती. होडीवाला नेस्तोर दोर सोडता सोडता थबकला. "नानाय? आत्ता? अहो, सहा वाजायला आले. आज जपमाळ कोण म्हणणार?"

"आहे म्हणणारी," ती म्हणाली.

तिनं चपला हातात घेतल्या, झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि होडीकडे जायला पाण्यात पाऊल टाकलं.