टोकाची फट

सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली, तोवर गिऱ्हाइकासाठी ती डिझाइन करत असलेला मोठा पंखा डॉक्टरांच्या ताब्यात गेला होता. हे औषधवाले डॉक्टर नव्हेत, हवेच्या प्रवाहावर पीएचडी केलेले. कारखान्यात दोन वर्षं होती स्वारी, पण खाली यंत्रांच्या शॉपमध्ये कधी उतरली नाही. बुटांना तेल लागतं म्हणे.

मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर पात्यांचं रंगीबेरंगी चित्र लावलं.

"कार्यक्षमता एक्क्याण्णव टक्के. गिऱ्हाइकाला नव्वद हवी होती."

साहेब खूश. त्यांना पातं कळत नसे, टक्के कळत.

"पात्याचं टोक आणि बाहेरचं कवच, यांच्यात फट किती धरलीत?" तिनं विचारलं.

"धरली नाही. त्यासाठी कॉम्प्युटरमधली हिशेबाची जाळी फार बारीक करावी लागते. गणित चार दिवस चालतं."

"म्हणजे पातं कवचाला चिकटलंय. मग फिरतं कसं?"

"अहो मॅडम, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. फुकटात आणखी काय मिळणार?"

सॉफ्टवेअर बिचारं गरीब, पुढ्यात टाकलं ते गिळलं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तेच सॉफ्टवेअर तिनंही याच पात्यांवर चालवलं होतं, पण आधी खाली जाऊन फिटरकाकांबरोबर अशाच जुन्या पंख्याची खरी फट मोजली होती. तीन मिलिमीटर. त्या फटीतून हवा पात्याला वळसा घालून निसटत होती. उत्तर आलं सत्त्याऐंशी.

"हे बघा," साहेब म्हणाले, "ड्रॉइंग आज ओतकामासाठी फाउंड्रीत जायलाच हवं. तपासणीच्या चौकटीत सही करून टाका. रजेवरून आल्या आल्या वाद कशाला?"

चाचणीत पंखा नापास झाला, की पीएचडी डॉक्टरांची राहणार आणि सही तिची. आणि बाळ झाल्यापासून हिचं कामात लक्ष नाही, हे म्हणायला सगळे टपलेलेच.

"करते ना," म्हणत तिनं पेन काढलं. चौकटीत ठसठशीत लिहिलं : 'खरी कार्यक्षमता सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव हवी असल्यास पंखा फिरवू नये.' खाली सही, तारीख.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"डॉक्टर, फट असते हे तुम्हाला माहीत होतं?"

"पेपर लिहिताना आम्ही धरत नाही."

"पेपर कुठे फिरतो," ती म्हणाली.

साहेबांनी फोन उचलला आणि आज ड्रॉइंग येणार नाही म्हणून फाउंड्रीला कळवलं.