कुणाकडून आलं

संजनाने पासवर्ड टाकला, एंटर दाबलं आणि हात मांडीवर घेतले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर चढू लागल्या. मोबाईलच्या नेटवरून डेटाबेसचा सर्व्हर उतरत होता, आणि भिंतीलगतच्या कणग्यांतून राखेचा, वाळल्या निंबाच्या पाल्याचा वास येत होता.

"काय म्हणतंय?" फुलाबाईंनी सुपातून डोकं न काढता विचारलं. इगतपुरीच्या खालच्या अंगाला असलेली ही बायकांची बियाण्यांची खोली गेली पंधरा वर्षं त्याच सांभाळत होत्या.

"बसतंय, मावशी. जागा करून घेतंय."

"बसू दे निवांत. नव्या घरी कुणालाबी वेळ लागतो."

कॉम्प्युटर नाशिकच्या इंदिरानगरातल्या संजनाच्या ऑफिसातून निकामी म्हणून निघालेला. तिने त्यावर लिनक्स घातलं आणि तो पुन्हा तरण्या पोरासारखा चालू लागला. सहा वर्षं ती हेच काम करत होती. बोटं कुठे अडखळत नव्हती. सर्व्हर चालू झाल्याची हिरवी ओळ आली तेव्हा तिने फक्त मान हलवली आणि सेटिंगची फाइल उघडली. नवा सर्व्हर आधी आपल्याच घरातलं बोलणं ऐकतो, बाहेरच्याला ओ देत नाही. त्याला बाहेरचं ऐकायला सांगायचं, मग कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचं. बाजूची चौदा गावं उद्यापासून आपापल्या मोबाईलवर बियाण्यांची ही यादी बघणार होती. बघायची मुभा सगळ्यांना. लिहायची फक्त दोघींना.

तिने हे समजावून सांगितल्यावर फुलाबाई हसल्या. बघायला चौदा गावं अन् सांगायला आपण दोघी, म्हणाल्या. माझ्या घरात असं कधी जमलं नाय.

तक्ते मात्र संजनाला एकदा मोडून पुन्हा मांडावे लागले होते. पहिल्यांदा तिने बियाणं शेताला बांधलं, सातबाऱ्यावरच्या नावासकट. फुलाबाईंनी ते ऐकून कपाळाला हात लावला होता. बी शेतात राहत नाही; लेक सासरी निघाली की तिच्या ओटीतून जातं, जावेच्या हाती, सुनेच्या हाती, बाईकडून बाईकडे. म्हणून आता एक तक्ता बायांचा होता, एक बियाण्यांचा, आणि प्रत्येक बियाण्यासमोर एक रकाना होता: कुणाकडून आलं.

दुपारपर्यंत चाळीस वाण चढले. वाल, नागली, वरई, भाताचे नाना प्रकार. वहीतून बायांची नावं आणि नंबर संजनाने आधीच उतरवले होते. शेवटचा राहिला दूधमोगरा. त्या भाताला सगळा तालुका फुलाबाईंचा भात म्हणायचा.

"हा तर तुमचाच," संजना म्हणाली. "कुणाकडून आलं, ते रिकामं ठेवते."

"चालतं का रिकामं?"

"चालतं."

सूप दोनदा हललं आणि थांबलं.

"रिकामं म्हंजे वाचणारीनं काय समजायचं?"

"की हे बी तुमच्यापासून सुरू झालं."

सुपातला एक खडा फुलाबाईंनी उचलला, निरखला आणि पुन्हा सुपातच ठेवला.

संजनाला गोष्ट ऐकून माहीत होती. बारा वर्षांपूर्वी नाशिकच्या प्रदर्शनात दूधमोगऱ्याला पहिला नंबर मिळाला. फुलाबाई स्टेजवर गेल्या, शाल घेतली, माइकवर चार शब्द बोलल्या. त्यांची थोरली जाऊ साळूबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. चार शब्दांत तिचं नाव आलं नाही. त्या संध्याकाळी साळूबाई एकटीच एसटीने परतली, आणि वर्षभरात लेकीकडे राहायला गेली. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. संजनाने बोटं कीबोर्डवरून उचलून घेतली. एंटर दाबलं असतं तर काम संपलं असतं.

"साळूबाई घाल," फुलाबाई म्हणाल्या.

संजनाने घातलं. पडद्यावर लगेच नकाराची ओळ उमटली.

"घेत नाही, मावशी. बायांच्या तक्त्यात त्या नाहीत. आधी त्यांची नोंद, मग बियाण्याची. ज्या बाईची नोंद नाही तिच्याकडून बी आलं, असं हा मानतच नाही."

"हट्टी हाय."

"मीच तसं सांगितलंय त्याला."

फुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सूप बाजूला सारलं, पदराने हात पुसले आणि पडद्यासमोर येऊन बसल्या, जणू आता बोलायचं ते त्या यंत्राशीच.

"लिही तर मग. साळूबाई हिरामण गोडसे. माहेर पेठच्या अंगाला. लग्नात वटीत मूठभर घेऊन आली व्हती. पयल्या साली पेरला तो तिनंच. मी निस्ती लावणीला व्हते."

"हेही लिहू? खाली शेऱ्याची जागा आहे."

"हो. समदं लिही."

संजनाने लिहिलं, जसं सांगितलं तसंच, एक शब्द न बदलता. मग पुढच्या रकान्यावर आली.

"मोबाईल नंबर लागतो. पण वहीत नाही त्यांचा. सोडून देऊ?"

फुलाबाईंनी खिडकीबाहेर बघत दहा आकडे सांगितले, एका दमात, कुठेही न थांबता.

संजनाने ते टाइप केले. चुकू नयेत म्हणून हळू आवाजात परत वाचायला घेतले. सहाव्या आकड्यापर्यंत पोचली असेल नसेल.

"बरोबर हाय," फुलाबाई म्हणाल्या. "दाब तू."