टाकीतली नासपती

रादिसावच्या जुन्या मोटारीचा पेट्रोलचा काटा केव्हाच मेला होता. पेट्रोल तो टाकीत काठी बुडवून मोजायचा. काठीवर चाकूनं पाडलेली एक खाच होती. मोटार मागून नेणाऱ्यानं टाकी खाचेपर्यंत भरून परत करायची, एवढा एकच कायदा त्या घरात होता.

जावई ओग्नेनला कायदा पाठ होता, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला. बेलग्रेडला मॅच बघून तो परत आला तेव्हा काठीचं नुसतं टोक ओलं होत होतं, आणि पंपवाला पंप बंद करून भाचीच्या लग्नाला गेला होता. शेडमध्ये मात्र राकियाचा मोठा काचेचा बुधला उभा होता. नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी जपलेली दारू. ओग्नेननं ती खाचेपर्यंत टाकीत ओतली, बुधला पाण्यानं गळ्यापर्यंत भरला, बूच लावलं आणि काठीनं दोनदा मोजून खात्री केली. काठीच्या दृष्टीनं सगळं नियमात होतं.

सकाळी रादिसाव बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी डुक्कर ठरवायला निघाला. मोटार फाटकात पोचली, खोकली आणि थांबली.

आता तो मोटारीखाली उताणा होता आणि ओग्नेन पाने-पक्कड पुढे करत होता. फिल्टर निघाला. आत तपकिरी चिखल.

"इतक्या वर्षांचा गाळ," रादिसाव खालून म्हणाला. "टाकीच्या तळाशी गुमान बसला होता. त्याला कुणी उठवलं?"

"वय झालं असेल गाडीचं, बाबा."

"वय माझंही झालंय, जावईबापू. मी चिखल ओकतो का?"

ओग्नेननं दहा नंबरचा पाना पुढे केला. मागितला होता आठ नंबरचा.

रादिसावनं टाकीकडून येणारी रबरी नळी सोडवली, तोंडाला लावली आणि ओढली. माणूस यानंतर थुंकतो. रादिसाव थुंकला नाही. मोटारीखालून जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला.

"नासपती," तो म्हणाला.

ओग्नेन पाने नंबरांप्रमाणे लावू लागला.

गावात सगळे आलुबुखाराची दारू गाळतात. नासपतीची एकटा तिहोमिर. आणि तिहोमिर होता घरचा कूम, म्हणजे लग्नात शेजारी उभा राहणारा आणि पोरांना बाप्तिस्म्याला हातावर घेणारा माणूस. रादिसावच्या घराचे कूम आजोबांच्या आजोबांपासून तिहोमिरच्याच घरातले. बायको बदललेली माणसं गावात आहेत. कूम बदललेला कुणी नाही. आणि हाक दोन्हीकडून 'कूम' अशीच. बाळाचं नावही तोच ठेवणार होता. नाव त्यानं कुणाला सांगितलेलं नसल्यानं बाळाला तूर्त सगळे 'ए' म्हणत होते.

रादिसाव सरपटत बाहेर आला. "गेल्या आठवड्यात त्यानं डब्यातून पेट्रोल दिलं होतं. दारूचाच डबा. विसळलासुद्धा नाही."

"बाबा, एवढ्याशा डब्यानं..."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. तुम्ही भोळे आहात."

भोळा माणूस खाली बघत फिल्टर पुसू लागला. फिल्टर केव्हाच स्वच्छ झाला होता.

कुंपणावरून हाक गेली. तिहोमिर अर्धी दाढी केलेला, तसाच आला. रादिसावनं नळी त्याच्यापुढे धरली. "ओढ."

"सकाळी सकाळी?"

"ओढ म्हणतो ना."

तिहोमिरनं ओढली, तोंडात घोळवली, डोळे मिटले. ही साधी नासपती नव्हती. हिला तुतीच्या लाकडाच्या पिंपात ठेवलं होतं, आणि त्या पिंपातली त्यानं एकाच घरी दिली होती, एकाच कामासाठी. त्यानं डोळे उघडले. शेडकडे पाहिलं. मग ओग्नेनच्या कानांकडे पाहिलं. ते चुलीवरच्या मिरच्यांसारखे झाले होते.

"डबा मीच विसळला नाही," तिहोमिर म्हणाला. "चुकलं माझं, कूम."

रादिसावनं भांडणाची तयारी केली होती, कबुलीची नाही. "मग रविवारी बाप्तिस्म्याला येऊ नकोस," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"बरं," तिहोमिर म्हणाला. अर्ध्या दाढीला अजून फेस होता. तो फाटकाकडे निघाला, आणि त्याच्याबरोबर बाळाचं नावही निघालं.

"काठीमुळे," ओग्नेन म्हणाला.

दोघंही थांबले.

"खाचेपर्यंत भरायची होती ना. पेट्रोल नव्हतं. मीच ओतली. बुधल्यातली."

रादिसावनं काठी उचलून खाचेवर अंगठा फिरवला. "आणि बुधल्यात आता काय आहे?"

"पाणी."

"कुठलं?"

"नळाचं."

"नळाचं," रादिसाव म्हणाला आणि बादलीवर टेकला. झऱ्याचं असतं तर एक वेळ विचार झाला असता, असा त्याचा चेहरा होता. मग तो तिहोमिरकडे वळला. "आणि तू कशाला अंगावर घेतलंस?"

"पोराचा बाप आहे तो. मी नसलो तर नाव तरी दुसरा कुणी ठेवेल. बाप कुठून आणणार?"

रादिसावनं नळी उचलून ओग्नेनच्या हातात दिली.

दुपारभर ओग्नेननं टाकी उपसली, नळ्यांतून तार फिरवली, तोंडानं फुंकर मारमारून गाळ काढला. चिखल, पेट्रोल आणि आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याची चव त्याच्या दाढांत बसली. दोघं म्हातारे बाकावर बसून बुधल्यातलं पाणी छोट्या पेल्यांतून पीत होते.

"हलकी आहे," तिहोमिर म्हणाला.

"जावयानं गाळलीय," रादिसाव म्हणाला.

लग्नाहून परतलेल्या पंपवाल्याकडून ताजं पेट्रोल आलं. नळ्या बसल्या. मोटार दोनदा अडखळून सुरू झाली, आणि कार्ब्युरेटरच्या कोपऱ्यात उरलेला शेवटचा थेंब जळून मागच्या नळीतून निळा धूर आला. त्याला पिकल्या नासपतीचा वास होता. दोघं म्हातारे उठले, टोप्या काढून धुरात उभे राहिले आणि खोल श्वास घेऊ लागले.

ओग्नेन हात पुसत तिकडे सरकला.

"तुम्ही नाही, जावईबापू," रादिसाव डोळे न उघडता म्हणाला. "तुमच्या वाटचा धूर बेलग्रेडच्या रस्त्यावर उडाला."