बदली माणूस

माझी धाकटी बहीण रडते छान. नाक लाल होत नाही, आवाज फाटत नाही, फक्त दोन टपोरे थेंब गालावर येऊन थांबतात. मी रडले की शेजारी खिडक्या लावून घेतात. तेव्हा रेकॉर्डर घेऊन आलेल्या बाईंनी तिचंच ऐकलं, यात त्यांचा दोष नाही. दोष कुणाचाच नाही. तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो झालाच.

आमची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिची कूस बदलणं, धुणं-पुसणं, भरवणं, सगळं मी करते. त्यासाठी माझं शिवणकामाचं दुकान बंद केलं. धाकटी, जिला घरात सगळे चिमणी म्हणतात, रविवारी फुलं घेऊन येते, आईचे केस विंचरते आणि उन्हं उतरायच्या आत भुर्रकन जाते. आणि आई दिवसभर विचारते, "चिमणी आली का?" पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

त्या बाईंची संस्था घरच्या आजाऱ्याला बिनपगारी सांभाळणाऱ्यांचे अनुभव गोळा करत होती. ते सरकारी समितीपुढे मांडायचे आणि अशा प्रत्येक घराला आठवड्यातून दोन दिवस सरकारी खर्चाने बदली माणूस मिळवून द्यायचा, अशी त्यांची मोहीम. दोन दिवस! भांडी घासता घासता मी काय काय बोलायचं ते जुळवत होते.

बाई नेमक्या रविवारी आल्या. मी चहा ठेवला, समोर बसले, घसा साफ केला आणि आतून आईने हाक मारली. तिला पुसून, चादर बदलून बाहेर येते तो चिमणी बोलत होती. "ती कण्हली ना, की आपलंच हाड दुखतंय असं वाटतं." अगं, हे वाक्य माझं! मीच तिला फोनवर सांगितलेलं. बाईंचे डोळे भरून आले होते. माझा चहासुद्धा चिमणीनेच संपवला होता.

"समितीपुढे याच बोलू देत," बाई म्हणाल्या. "काळजाला हात घालतात."

"अहो, पण सांभाळते ताई," चिमणी म्हणाली. तेवढं तरी खरं बोलली.

"मग त्या पण येऊ देत की!"

कशाला, टाळ्या वाजवायला? आयत्या बिळावर नागोबा, आणि वर मीच दूध घेऊन जायचं!

एका बाबतीत मात्र चिमणीची डाळ शिजायची नाही. आई तिच्या हातून घास घ्यायची नाही. ओठ घट्ट मिटायची. "ताई, तुझ्याच हातून कशी गं खाते?" चिमणी रडवेली व्हायची. "मायेचं असतं ते," मी म्हणायचे. माया कसली! चमचा पुढे करताना आधी आपण आ करायचा, मग आई करते. एवढंच. पण मी भरवताना दाराकडे पाठ करून बसायचे. चिमणीकडे रडणं होतं, माझ्याकडे हे होतं, आणि ते मी कुणाला देणार नव्हते.

सुनावणीच्या दिवशी शेजारची निवृत्त नर्स आईपाशी बसली. सभागृहात पुढच्या रांगेत आम्ही सांभाळणारे होतो. माझ्या एका बाजूला बायकोला सांभाळणारे टकले काका, दुसऱ्या बाजूला भावाला सांभाळणारी एक शिक्षिका. चिमणी माईकवर बोलत होती. सुरेख बोलत होती, मेली. माझं हाड तिथेही दुखलं, थेंब बरोबर गालावर थांबले. मी मनातल्या मनात म्हणत होते, अडखळ एकदा तरी.

समितीच्या अध्यक्षांना खोकला झाला होता. त्यांनी औषधाची बाटली काढली, चमचा भरला आणि तोंडाजवळ नेला.

आमची अख्खी रांग आ करून बसली.

त्यांनी दुसरा चमचा भरला. पुन्हा आ. मागून कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांचा चमचा हवेतच राहिला.

"काय चाललंय हे? थट्टा करताय माझी?" त्यांनी चिमणीला विचारलं. "सांगा, तुमचीच माणसं आहेत ना ही?"

रेकॉर्डरवाल्या बाईंचा चेहरा उतरला. साहेब रागावले तर दोन दिवस गेले पाण्यात. आम्हा सगळ्यांत चिमणीचं तेवढं तोंड मिटलेलं होतं. तिला काहीच कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई?"

पडू दे उघडी, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण शेजारी काका चष्मा काढून पुसत होते, आणि त्यांनाही ते दोन दिवस हवे होते.

मी उभी राहिले. जुळवलेली वाक्यं सगळी चिमणीने वापरून टाकली होती.

"थट्टा नाही हो साहेब," मी म्हणाले. "आपण आ केल्याशिवाय आमची माणसं तोंड उघडत नाहीत. रोजची सवय. आता चमचा दिसला की आपसूक आ होतो. घास कुणाचा आणि तोंड कुणाचं, हेच आम्ही विसरलोय. म्हणून दोन दिवस मागतोय."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "शिफारस करू." काकांनी माझा हात धरला. बाई डोळे पुसत होत्या, या वेळी माझ्यामुळे. मला अगदी ताठ मानेने मिरवावंसं वाटलं.

ते घरी पोहोचेपर्यंतच टिकलं. चिमणी सोबत आली ती थेट स्वयंपाकघरात. तिने आईचं जेवण मऊ केलं, पुढ्यात बसली आणि दाढा दिसतील एवढा आ केला. आईनेही केला. गिळलं. पुन्हा केला.

"ताई, बघ! खातेय माझ्या हातून!"

बदली माणूस द्या म्हणून भर सभेत पदर पसरून आले होते मी, आणि आता समोर बसलेल्या बदली माणसाच्या हातातून चमचा हिसकावून घ्यावासा वाटत होता. आई चिमणीकडे बघत होती. माझ्याकडे बघते तशीच. तसूभर फरक नाही.

मी दारातच उभी राहिले. चिमणीने पुढचा चमचा भरला, उचलला, आणि तिची नजर माझ्याकडे गेली. माझं तोंड उघडं होतं.

ती उठली आणि तो घास तिने माझ्या तोंडात घातला.

कोमट होता, मऊ होता. मला असं कुणी शेवटचं कधी भरवलं होतं, आठवेना. डोळ्यांत पाणी आलं, नाकसुद्धा लाल झालं असणार. चिमणी माझ्या तोंडाकडे बघत होती, आईच्या तोंडाकडे बघत होती तशीच.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

मीठ बरोबर होतं.